पुढची हजेरी

"सम्मक्का दुर्गम."

नाव तोंडातून निघून गेल्यावर कुंदाताईच्या लक्षात आलं. तिने ओठ मिटून घेतले. पण नाव बाहेर आलं होतं.

शब्बीर एरवी मिनिटभर गप्प बसत नसे. तो बाकाची चीर नखाने कोरत राहिला.

मी उठले.

"हजर."

ताईने माझ्याकडे पाहिलं. पुढचा प्रश्न विचारायचा की नाही, हे ती माझ्या चेहऱ्यावर शोधत होती. मग तिने विचारला.

"कुठे?"

"चंद्रपूरला. मोठ्या दवाखान्यात."

"काय करून राहिली?"

"एक्स-रे काढून राहिली. समोर एक म्हातारा आहे. त्याले म्हटलं, बाबा, श्वास धरा. त्यानं धरला."

"बस," कुंदाताई म्हणाली. तिला ते लवकर संपवायचं होतं.

मी बसले. बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की म्हाताऱ्याला श्वास सोडा असं म्हणायचं राहून गेलं.

*

आधी मंडळ काय होतं ते सांगते, नाहीतर हे सगळं वेड्यांचं वाटेल.

रानवाहीच्या कोळसा खाणीची वसाहत. तिथली शाळा. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की सातवीच्या वर्गात 'पुढचं मंडळ' भरायचं. मोठ्या माणसांना आत येऊ द्यायचं नाही, हा पहिला नियम. आम्ही सातवीतले आणि शिकवायला नववीतली कुंदा मेश्राम. तिचा भाऊ नागपूरला वसतिगृहात राहून शिकत होता. सुट्टीत आला की तो जे सांगे ते ती आम्हाला सांगे. दहावीनंतर काय काय असतं. अर्ज कसा लिहायचा. मुलाखतीच्या दारावर किती जोरात टकटक करायची. दोन आगपेट्यांना दोरा बांधून तिने फोन केला होता, आणि त्यावर "नमस्कार, मी अमुक बोलते" एवढं न लाजता म्हणता येईपर्यंत ती सोडत नसे.

"आपल्याले कोणी सांगायले येणार नाही," ती म्हणायची. "आपणच एकमेकांले सांगायचं."

आणि शेवटी हजेरी. आजची नव्हे, तेव्हा खूप लांब असलेल्या दोन हजार पंधरा सालची. तोवर सगळे कुठे ना कुठे लागलेले असतील, असा तिचा हिशोब. वही नव्हती, नावं तिला पाठ होती. नाव घेतलं की उभं राहायचं. कुठे आहेस ते सांगायचं. काय चाललंय ते सांगायचं. 'होईन' चालत नसे. 'आहे' म्हणायचं. जो होईन म्हणाला, तो खाली बसला.

आमच्यात कुणी ना कुणी सारखं गैरहजर असे. घरी भाऊ सांभाळायचा असायचा, कोळसा वेचायला जायचं असायचं. म्हणून कुंदाताईने जोड्या लावल्या. जोडीदाराची पुढची गोष्ट आपल्याला पाठ पाहिजे, मनाने काही घालायचं नाही. तो आला नाही तर त्याच्या वतीनं, त्याच्याच तोंडाने आपण हजेरी द्यायची. त्यामुळे न आलेला मागे राहत नाही.

माझी जोडी सम्मक्का.

*

सम्मक्का हजेरी द्यायची ती अशी. उठताना आधी हसायची, नाकातून, फुस्स करून. मग दोन्ही हात समोर धरायची, जणू काचेची मोठी पाटी धरली आहे, आणि उजेडाकडे उचलायची. तिच्या वडिलांचा, पोचमकाकांचा छातीचा फोटो तिने असाच खिडकीशी धरून पाहिला होता.

"माणूस आतून किती चांगला दिसते!" ती म्हणायची. "पांढरा पांढरा. आपण उगाच बाहेरून पाहतो."

"माझा काढशील का?" शब्बीरने विचारलं होतं.

"तुझा कायले? तुझ्या डोक्यात काही निघणार नाही. फिल्म फुकट जाईल."

शब्बीर तेव्हा विमान चालवत होता. पुढच्या शनिवारी तो पोलीस झाला. त्यानंतर बिर्याणीचं दुकान. कुंदाताई म्हणे, "बे, एक काही ठरव." तो म्हणे, "ताई, माणसाची बदली होते ना."

मी पोस्टात होते. शिक्के मारत. मला तो आवाज आवडायचा.

*

हे लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तीन नंबरची लाईन म्हणजे क्वार्टरांची सर्वांत जुनी रांग. तिच्या खालून जुनी खाण गेलेली. कोळसा काढून झालेला, खाली पोकळी. एका मंगळवारी भर दुपारी सम्मक्का घरामागे शेळी सोडायला गेली. जमीन बसली.

शेळी वाचली. ती काठावर उभी होती आणि तिच्या गळ्यातली दोरी खाली लोंबत होती.

माणसं आली, दोर आले, दिवे आले. खड्ड्यातून धूर येत होता. खाली कुठेतरी कोळसा धुमसत होता. कुणाला फार खाली उतरू दिलं नाही. मग ट्रक आले आणि रेती ओतायला लागले. सम्मक्काची आई, राजक्का, एका उलट्या घमेल्यावर बसून प्रत्येक ट्रक रिकामा होताना पाहत होती. रडत नव्हती. एकदा उठली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "हळू टाका."

त्यानंतरचा शनिवार म्हणजे मी वर सांगितली ती हजेरी.

*

त्या दिवशी खिडकीबाहेर राजक्का उभी होती. दप्तर न्यायला आली होती. सम्मक्काचं दप्तर अजून वर्गातल्या खिळ्याला होतं.

आम्ही बाहेर पडलो तशी ती दारात आली. शब्बीर सवयीने म्हणाला, "मावशी, मोठ्यांले आत..." आणि त्याने जीभ चावली.

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती मला म्हणाली, "त्या म्हाताऱ्याले श्वास सोड म्हटलं का?"

मला आधी कळलंच नाही.

"तू म्हटलं ना, त्यानं श्वास धरला. मग सोडला का नाही?"

"सोडला, मावशी."

"सम्मक्कानं सोड म्हटलं?"

"हो. म्हटलं."

"मग?"

"मग तो घरी गेला."

राजक्काने मान हलवली. बरोबर आहे, म्हातारी माणसं घरी गेली पाहिजेत, अशी. दप्तर न घेता ती निघून गेली.

*

पुढच्या शनिवारी ती व्हरांड्यात येऊन बसली. आत पाऊल टाकलं नाही. आमचा नियम तिने आमच्यापेक्षा कडक पाळला. पदराखाली डबा होता, त्यात तांदळाची कुरकुरीत सकिनालू. सम्मक्का डब्यात आणायची तीच.

कुंदाताईने नावं घ्यायला सुरुवात केली. त्या नावाशी आली तशी तिने दाराकडे पाहिलं. दारातून फक्त राजक्काचे पाय दिसत होते. पायांची बोटं आखडलेली होती.

"सम्मक्का दुर्गम."

"हजर."

मग ते थांबलं नाही.

हजर. चंद्रपूरला. आज गर्दी आहे. एका पोराचा हात मोडला, तो रडून राहिला, त्याले मी फिल्म दाखवली, पाहा तुझं हाडूक, तर तो रडायचा थांबला.

हजर. चंद्रपूरला. आज मशीन बंद आहे. आम्ही सगळ्या चहा पिऊन राहिलो.

हजर. चंद्रपूरला. पगार झाला. चप्पल घेतली.

"कोणत्या रंगाची?" व्हरांड्यातून.

"लाल, मावशी."

"लाल तिले पहिलेपासून पाहिजे होती."

पोरांनाही चेव आला. शब्बीरने तिला स्कूटी देऊन टाकली. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "लग्न झालं का तिचं?"

"नाई झालं," मी म्हटलं.

"काऊन नाई?" राजक्का एकदम बाहेरून ओरडली. वर्ग हसला. त्या खड्ड्यानंतर आम्ही पहिल्यांदाच हसलो.

"तिले कोणी पसंत पडत नाही."

"हां," राजक्का म्हणाली. "तशीच आहे ती. भाजीत मीठ कमी असलं तरी नाक मुरडते. नवरा कुठून पसंत पडणार?"

एकदा मी म्हटलं, "दिवाळीले घरी येते." का म्हटलं माहीत नाही. सोपं होतं म्हणून. सगळे येतात म्हणून.

दारातले राजक्काचे पाय मागे सरकले.

*

माझं नाव सम्मक्कानंतर यायचं.

"संघमित्रा रामटेके."

"हजर."

"कुठे?"

"पोस्टात."

"काय करून राहिली?"

इथे मी अडकायला लागले. पूर्वी माझ्याकडे पुष्कळ असायचं. कुणाची मनीऑर्डर, कुणाचं फाटलेलं पाकीट, दारात बसलेला कुत्रा. आता मी डोळे मिटून पोस्टात जायची, तर तिथे काउंटर असायचा, शिक्का असायचा, पण काउंटरमागे कुणी नसायचं.

"शिक्के मारून राहिली," मी म्हणायची आणि बसायची.

घरी आई भाकरी थापता थापता थांबली. "मित्रा, हे काय गं, नाकातून हसणं कधीपासून?"

"मी कुठे हसली?"

"आत्ता. फुस्स करून."

मी आरशासमोर उभी राहून हसून पाहिलं. जमलं नाही. जाणूनबुजून केलं की येत नव्हतं.

*

गेडाम सरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, कुंदाताईला बोलावलं. मी सोबत गेले. सर वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, हेच केवढं होतं.

"कुंदा, शाळेच्या पटावरून त्या पोरीचं नाव कमी झालं. तुमच्या मंडळात अजून घेता म्हणे."

"हो सर."

"बंद करा."

"सर, तुमची हजेरी आजची आहे. आमची पुढची आहे."

दुसरा कुणी असता तर कानाखाली वाजली असती. सर टेबलावरचा पेपरवेट गोल फिरवत राहिले.

"पोचम आला होता माझ्याकडे," ते म्हणाले. "तीन नंबरची लाईन खाली करायचा आदेश निघाला. भिंतींना हात घालता येईल एवढ्या भेगा गेल्या आहेत. बाकीचे सगळे गेले. नवे क्वार्टर मिळाले, दोन मजली. राजक्काचं एकटीचं घर तिथे राहिलं. निघत नाही. पोचम सामान बांधतो, ही सोडते. काल भांडी बाहेर काढली तर एकेक करून आत नेऊन मांडली."

"का सर?"

"तुम्हीच सांगा का. तिला कुणी सांगितलं की पोरगी दिवाळीला घरी येते?"

कुंदाताईने माझ्याकडे पाहिलं.

"ते घर कधीही बसेल," सर म्हणाले. "दुपारी खाणीत ब्लास्टिंग होतं तेव्हा छतावरचे कवेलू वाजतात. मी स्वतः जाऊन ऐकून आलो."

*

पाण्याच्या टाकीखाली, सावलीत.

"तू सांग तिले, मित्रा. हजेरीत. सम्मीच्या तोंडून."

"काय सांगू?"

"की घर सोड म्हणून. मी नव्या घरी येते म्हणून."

"जोडीदारानं मनानं घालायचं नाही ना काही? तूच म्हणते."

"सम्मी असती तर म्हणाली असती ना?"

"माहीत नाही."

"म्हणाली असती. स्वतःची माय आहे."

"ताई, ते घर खरंच पडेल?"

"मले काय माहीत? मले कोणी काही सांगते का? मी नववीत आहे, मित्रा. तुम्हाले वाटते मले सगळं येते. मी भावाचं ऐकून सांगते. असं झाल्यावर काय करायचं ते त्याले पण कोणी शिकवलं नाही."

ती रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं नववीत गेल्यावर ते बंद होतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी सांगते."

आणि नाकातून हसले.

कुंदाताई टाकीच्या खांबापर्यंत मागे सरकली.

*

(इथे मधेच.

दोन हजार पंधरा येऊन गेलं. मी खरंच पोस्टात लागले, वरोऱ्याकडे. काउंटरमागे आता कुणीतरी असतं आणि ती मीच आहे, असं सगळे म्हणतात. शब्बीरचं बिर्याणीचं दुकान झालं. कुंदाताई शिकवते.

सम्मक्का बल्लारशाला राहायला गेली. तिथून चंद्रपूरला जाऊन येऊन करते. तिची एक दाढ दुखते, ती दाखवत नाही. मागच्या वर्षी तिला चष्मा लागला.

हे मी ठरवलेलं नाही. मला ते कळतं. शिक्का मारता मारता कळतं.)

*

शनिवार.

ऊन इतकं होतं, की व्हरांड्याची फरशी बघवत नव्हती. राजक्का आली आणि नेहमीच्या जागी बसली. आज डबा नव्हता. हाताला चुना लागला होता. ती भेगा बुजवत होती, हे नंतर कळलं.

कुंदाताईने नावं भरभर घेतली. शब्बीर म्हणाला, "हजर, मुंबईला आहे, समुद्रात पोहून राहिलो," तर तिने त्याला टोकलंही नाही.

"सम्मक्का दुर्गम."

"हजर."

"कुठे?"

"चंद्रपूरला."

"काय करून राहिली?"

मी दाराकडे तोंड केलं. असं कधी करत नसू. हजेरी ताईकडे बघून द्यायची.

"अम्मा," मी म्हटलं. "घर सोड. ते पडणार आहे. मी दिवाळीले नव्या घरी येते. मले पत्ता माहीत आहे."

दाराबाहेरचे पाय हलले. राजक्का उठली. उंबऱ्यापाशी थांबली, खाली पाहिलं, आणि उंबरा ओलांडून वर्गात आली. मोठं माणूस मंडळात पहिल्यांदाच आलं. आम्हाला उभं राहावं की बसावं ते कळेना.

ती माझ्यापर्यंत आली. तिचा चुन्याचा हात माझ्या खांद्यावर पडला. मला वाटलं मारते.

"बस, मित्रा," ती म्हणाली. "बस बाई. थकली तू."

मी बसले.

"ती दिवाळीले येत नाही," राजक्का म्हणाली. सगळ्या वर्गाला, समजावून सांगावं तसं. "मी येडी नाही. ते ट्रक मी पाहिले. तिथून कोण येते? ती कुठेच गेली नाही. चंद्रपूर नाही, कुठे नाही. घराच्या मागं गेली आणि घराखालीच आहे. मी घर सोडलं तर तिच्या वर कोण राहील?"

पंखा नव्हताच, तरी काहीतरी बंद पडल्यासारखं वाटलं.

शब्बीरने विचारलं. दुसऱ्या कुणाची हिंमत झाली नसती. "मग मावशी, तू इथं कायले येते?"

"नाव ऐकायले," ती म्हणाली. "तिकडं कोणी घेत नाही. तिचा बाप घेत नाही, ड्युटीवर जाते, येते, खाली पाहून जेवते. शेजारच्या बाया माझ्यासमोर आपल्या पोरींले हाक नाही मारत, हातानं बोलावते. इथं घेते. मोठ्यानं घेते. आणि कोणीतरी हजर म्हणते."

ती वळली. निघाली होती. तिचं सांगून झालं होतं आणि आमचंही. ती आता त्या घरात जाऊन बसेल आणि दुपारी ब्लास्टिंग होईल, एवढं आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

कुंदाताईला एकच गोष्ट येत होती. तिने ती केली.

"सम्मक्का दुर्गम," ती म्हणाली. मोठ्याने. पुन्हा.

मी उठायला गेले. पाय उठले नाहीत. खरं सांगते, मी प्रयत्न केला. सम्मक्काचा आवाज आला नाही.

वर्ग माझ्याकडे बघत होता. कुंदाताई माझ्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती.

"सम्मक्का दुर्गम," तिसऱ्यांदा.

उंबऱ्यापाशी राजक्का पाठमोरी उभी होती.

"हजर," राजक्का म्हणाली.

"कुठे?"



कुंदाताईने वाट पाहिली, मग पुढचं विचारलं. "काय करून राहिली?"

"काही नाही." राजक्का अजून पाठमोरीच. "झोपली. भात खाल्ला आणि झोपली. मी उठ म्हणते तर भांडते. नोकरी नाही. एक्स-रे नाही, काही नाही. दहावी नापास झाली. घरीच आहे. काहीच नाही झाली ती."

मंडळात असं उत्तर देणाऱ्याला ताई लगेच खाली बसवायची. काहीच नाही, हे पुढचं नसतं, असं ती म्हणे. आम्ही सातवीतल्या सगळ्यांनी ते ऐकून ऐकून पाठ केलं होतं. आता तिने बस म्हटलं नाही.

"आणि कुठे, मावशी?" ती म्हणाली. "जागा सांगावी लागते. दोन हजार पंधरा आहे."

"घरी."

"कोणत्या घरी?"

राजक्का वळली. तिने कुंदाताईकडे नीट पाहिलं. चौदा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, नाक वाहतंय, आणि प्रश्न सोडत नाही.

खाणकामगाराची बायको ती. जमीन किती दिवस टिकते हे तिला आमच्यापेक्षा, सरांपेक्षा जास्त कळत होतं.

"तीन नंबर लाईन नाही आता," ती सावकाश म्हणाली.

"नाही," कुंदाताई म्हणाली.

"खाली बसली."

"हो."

"केव्हाच बसली असेल."

बाहेर कुठेतरी डंपर उलटा येत होता, त्याचा टूं टूं आवाज. राजक्का तो संपेपर्यंत थांबली. चुन्याची बोटं एकमेकांवर घासत राहिली, पांढरी पूड खाली पडत राहिली.

"नव्या कॉटरात आहे," ती म्हणाली. "वरच्या माळ्यावर." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, आमच्यापैकी कुणाची तरी तक्रार करावी तशी म्हणाली, "खाली नको म्हणते. जमिनीवर झोपायले भेते आता."

"हजर," कुंदाताई म्हणाली.

*

रविवारी अख्खं मंडळ सामान वाहायला गेलं. पोचमकाका दारात उभे राहून, हे घे, ते राहू दे, एवढंच बोलत होते. शब्बीरने डोक्यावर ट्रंक घेतली आणि हमालासारखं "बाजू, बाजू" ओरडत रिकाम्या लाईनीतून गेला. बाजूला व्हायला तिथे कुणी नव्हतं.

शेवटी राजक्का एकटी आत राहिली. मी तिला बोलवायला गेले. ती मागच्या खोलीत, जमिनीवर तळहात टेकवून बसली होती. भिंतीतल्या भेगेतून उन्हाची एक काडी तिच्या पाठीवर पडली होती.

"पोदां, बिड्डा," ती म्हणाली.

तेलुगूतलं एवढं मला सम्मक्कामुळे येत होतं. चल बाळा, जाऊ.

मी पुढे झाले. मग मला कळलं, की ती मला म्हणाली नव्हती. ती उठली, हात झटकले नाहीत, आणि कुणाचं तरी बोट धरल्यासारखी मूठ अर्धवट मिटून बाहेर पडली. दार लावलं नाही.

नव्या क्वार्टरचा जिना अरुंद होता. सिमेंट अजून ओलं असल्यासारखा वास येत होता. राजक्का पुढे, मी तिच्या मागे, हातात तिचा तवा आणि परात. ती एकेक पायरी चढायची आणि थांबायची. मागच्याला पायऱ्यांची सवय नसली, की थांबतात तसं. मला वाटलं तिला दम लागला. पण तिचा श्वास चालायला लागल्यापासून तसाच होता, संथ.

ती पुन्हा थांबली. मान वळवून खाली पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या थोडं मागे.

मी परात छातीशी धरली, भिंतीला चिकटून उभी राहिले, आणि वाट दिली.